देशाचा गुन्हा, पोहणाऱ्याची वेळ

रशियाच्या खेळाडूंना तटस्थ म्हणून तरी उतरू द्यावं का, पाकिस्तानशी क्रिकेट खेळावं का, हे वाद हल्ली वरचेवर पेटतात आणि दर वेळी दोनच वाक्यांवर लढवले जातात. एक बाजू म्हणते, खेळात राजकारण आणू नका. दुसरी म्हणते, माणसं मरत असताना खेळ कसला? पहिलं वाक्य इतिहासाला धरून नाही. दुसऱ्यात संताप खरा आहे, पण शिक्षा कुणाला, किती काळ आणि काय घडलं की ती संपणार, यातलं काहीच त्यात सापडत नाही. माझं मत असं आहे: देशाचा झेंडा, राष्ट्रगीत, संघ आणि निमंत्रण रोखता येतं, काही वेळा रोखलंच पाहिजे. मात्र बंदी कशामुळे उठेल हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेलं हवं. आणि एखाद्या माणसाने प्रामाणिकपणे केलेली कामगिरी, त्याची मोजलेली वेळ, नोंदवहीतून खोडण्याचा अधिकार कुणालाच नाही. हे म्हणताना माझ्यासमोर जपानी जलतरणपटू हिरोनोशिन फुरुहाशी आहे. या वादात त्याचं नाव कुणी घेत नाही, पण आपल्या सगळ्या प्रश्नांची परीक्षा त्याच्या आयुष्यात एकदा होऊन गेली आहे.

फुरुहाशीचा जन्म १९२८ चा, शिझुओका प्रांतातल्या हामामात्सुजवळच्या गावातला. हामाना सरोवराच्या काठी तो पोहायला शिकला. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत शाळकरी मुलांना कारखान्यांत कामाला जुंपलं जाई. तिथे यंत्रात सापडून त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक गेलं. पाणी मागे खेचणाऱ्या पंजातलं बोट अपुरं असणं ही पोहणाऱ्यासाठी साधी गोष्ट नाही. युद्ध संपलं तेव्हा त्याला सतरावंही पूर्ण झालेलं नव्हतं. पुढे तो निहोन विद्यापीठात आला. शहरं जळालेली, रेशन अपुरं, रताळ्यांवर दिवस काढायचे, आणि त्यात मैलोन्‌मैल पोहण्याचा सराव. १९४७ च्या ऑगस्टमध्ये जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने ४०० मीटर फ्रीस्टाइल ४ मिनिटं ३८.४ सेकंदांत पार केली. तेव्हाच्या विश्वविक्रमाहून ही वेळ सरस होती, पण तिची नोंद झाली नाही. जपान तेव्हा जागतिक जलतरण संघटनेच्या, फिनाच्या, बाहेर होता.

पुढच्या वर्षी लंडनला ऑलिम्पिक भरलं. जपान आणि जर्मनीला निमंत्रण नव्हतं. जपानच्या जलतरण महासंघाचे मासाजी ताबाता यांनी तेव्हा जे केलं ते मला विसाव्या शतकातल्या सर्वांत सुसंस्कृत निषेधांपैकी एक वाटतं. त्यांनी राष्ट्रीय स्पर्धा लंडनच्या जलतरण शर्यतींच्याच दिवसांत ठेवली, टोकियोच्या मेइजी जिंगू तलावात. ना घोषणा, ना बहिष्काराची हाक. तुम्ही तिथे पोहा, आम्ही इथे पोहतो, नंतर वेळा शेजारी ठेवून पाहू. लंडनला १५०० मीटरचं सुवर्ण अमेरिकेच्या जिमी मॅक्लेनने १९ मिनिटं १८.५ सेकंदांत जिंकलं. टोकियोत फुरुहाशीने तेच अंतर १८ मिनिटं ३७ सेकंदांत कापलं, आणि शिरो हाशिझुमे अवघ्या ०.८ सेकंदाने त्याच्या मागे होता. म्हणजे फुरुहाशीने भिंतीला हात लावला त्या क्षणी, मॅक्लेनच्या सरासरी वेगाने पोहणारा माणूस पन्नास मीटरच्या तलावाच्या एका पूर्ण लांबीहून अधिक मागे असता. ४०० मीटरमध्येही तो लंडनच्या विजेत्या बिल स्मिथपेक्षा साडेसात सेकंदांनी पुढे होता. बाहेरच्या जगात शंका निघाल्या: जपान्यांचा तलाव आखूड असेल, घड्याळं मंद असतील. शंका घेणं सोपं होतं, कारण तपासायला जायची कुणाला गरजच नव्हती. बंदीचा हा परिणाम सहसा लक्षात येत नाही. ती खेळाडूला दूर ठेवते आणि त्याच्याबद्दलचं खोटं टिकवायलाही मदत करते. मॅक्लेनचं तरी काय झालं? काही चूक नसताना त्या सतरा वर्षांच्या मुलाच्या सुवर्णाला एक प्रश्नचिन्ह कायमचं चिकटलं.

आता विरोधी बाजूचं ऐकू. तिचा सर्वांत मजबूत मुद्दा वेदनेचा आहे, आणि तो झटकून टाकणारा माणूस या वादात बोलायला लायक नाही. लंडनमध्ये १९४८ साली रेशन चालू होतं, बॉम्बने पाडलेल्या इमारतींचे खड्डे बुजले नव्हते. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर जपानी सैन्याने मरेस्तोवर राबवलेल्या युद्धकैद्यांमधले वाचलेले लोक तीनच वर्षांपूर्वी घरी परतले होते. अशा माणसाने आपल्याच शहरात जपानी झेंडा वर चढताना पाहावा, ही अपेक्षा कुणी करायची? शिवाय जपानी राज्यसत्तेला खेळाचा पवित्रपणा कधीच माहीत नव्हता. १९३६ ला बर्लिनमध्ये मॅरेथॉन जिंकणारा सोन की-चुंग हा कोरियन होता. त्याला जपानी उच्चाराचं नाव आणि जपानी झेंडा घेऊन धावावं लागलं. पदक घेताना त्याने मान खाली घातली होती. सोलच्या एका वर्तमानपत्राने छायाचित्रात त्याच्या छातीवरचा झेंडा पुसला, तर वसाहतीच्या सरकारने ते वर्तमानपत्रच काही महिने बंद पाडलं. १९४० चं टोकियो ऑलिम्पिक खुद्द जपाननेच चीनशी युद्ध चालू असल्यामुळे १९३८ मध्ये परत केलं होतं. 'खेळात राजकारण आणू नका' म्हणणाऱ्यांनी आधी सोनच्या छातीवरच्या झेंड्याचं काय करायचं ते सांगावं.

हे सगळं मला मान्य आहे. तरीही १९४८ चा निर्णय न्याय्य ठरत नाही, आणि का ठरत नाही ते त्या निर्णयाच्याच हिशोबातून दिसतं. आक्रमकांना दूर ठेवायचं हे तत्त्व होतं, तर इटली लंडनला कशी होती? अॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, विषारी वायू सोडणारी, युद्धाची तीन वर्षं जर्मनीबरोबर लढलेली इटली लंडनहून सुवर्णपदकं घेऊन गेली. हंगेरीही होती, आणि ती तर शेवटपर्यंत जर्मनीच्या बाजूने लढली. इटलीने १९४३ ला बाजू बदलली, हे उत्तर इटलीपुरतं चालेल, हंगेरीला लागू पडत नाही. देश परकीय ताब्यात आहे, तिथे सार्वभौम सरकारच नाही, हे औपचारिक कारण मानलं तर ऑस्ट्रियाही चार सत्तांच्या ताब्यात होता, तो ताबा १९५५ पर्यंत सुटला नाही, आणि ऑस्ट्रिया लंडनमध्ये हजर होता. तत्त्व असतं तर ते सगळ्यांना सारखं लागू झालं असतं. इथे राग होता. राग समजण्यासारखा होता, पण त्याला नियमाचं नाव देता येत नाही.

याहून मोठी गोष्ट अशी, की ज्या राज्याला शिक्षा द्यायची ते १९४८ मध्ये उरलंच नव्हतं. सैन्य विसर्जित झालं होतं. नवी राज्यघटना मे १९४७ मध्ये लागू झाली होती. युद्धाच्या सूत्रधारांवर टोकियोत खटला चालला होता आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांतल्या सात जणांना फाशी झाली. देश अमेरिकेच्या ताब्यात होता आणि कारभार अमेरिकन सेनापती मॅकआर्थर पाहत होते. मग लंडनचं बंद दार नेमकं कुणाला काय शिकवत होतं? ज्या राज्याने एका पोराला कारखान्यात उभं करून त्याचं बोट घेतलं, त्याच राज्याचा अपराध त्याच पोराच्या खात्यावर मांडला गेला. बंदीचा युक्तिवाद असा असतो, की खेळाडूला झळ लागली की सत्ता बदलेल. सत्ता आधीच बदललेली असेल तर मागे फक्त वळ उरतो.

इथे दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण पुढे येतं, आणि ते यायलाच हवं, कारण बहिष्काराच्या बाजूचा तो सर्वांत भक्कम दाखला आहे. १९६४ पासून तो देश ऑलिम्पिकबाहेर होता, १९७० ला त्याला ऑलिम्पिक समितीतून काढलं गेलं, आणि तो परतला थेट १९९२ ला बार्सिलोनात. १९७४ मध्ये टेनिसच्या डेव्हिस चषकाची अंतिम लढत दक्षिण आफ्रिकेशी होती, तेव्हा भारताने ती खेळायला नकार दिला आणि चषक हातचा जाऊ दिला. अमृतराज बंधूंच्या हातात तो चषक कदाचित आला असता. तरी मला तो नकार आजही योग्य वाटतो. मग फुरुहाशीवरचा अन्याय आणि दक्षिण आफ्रिकेवरचा न्याय, दोन्ही एकाच तोंडाने कसे म्हणायचे? फरक असा, की दक्षिण आफ्रिकेचा गुन्हा खेळाच्या आतच होता. तलाव वर्णाप्रमाणे वाटलेले होते आणि राष्ट्रीय संघात काळ्या मुलाला जागा नव्हती. ज्या शर्यतीच्या फलाटावर उभं राहायचा हक्कच कातडीच्या रंगावर ठरतो, तिचा निकाल आधीच खोटा असतो. तिथे बहिष्काराने नेमकी तीच मागणी केली: फलाट सगळ्यांना खुला करा. अट स्पष्ट होती, ती पुरी करणं त्या देशाच्या हातात होतं, आणि ती पुरी झाल्यावर दार उघडलं. जपानला अशी एकही अट कुणी सांगितली नव्हती.

दक्षिण आफ्रिकेतही किंमत एका मुलीने मोजली. कॅरन म्यूर. १९६५ मध्ये ब्लॅकपूलला तिने बॅकस्ट्रोकचा विश्वविक्रम केला तेव्हा ती बारा वर्षांची होती. तिला ऑलिम्पिकमध्ये कधीच पोहता आलं नाही. तिच्याबद्दल वाईट वाटतं, आणि वाटावंच. पण एक गोष्ट पाहा: तिच्या वेळा विक्रमांच्या यादीत आहेत. तिच्या देशाला ऑलिम्पिकचं दार बंद होतं, घड्याळ चालू होतं. तिचा अन्यायी देश जगासमोर मिरवू शकला नाही, आणि ती किती वेगाने पोहली हे कुणी नाकारलंही नाही. फुरुहाशीला दोन्ही बंद होतं. झेंडा रोखणं आणि वेळ खोडणं या दोन वेगळ्या कृती आहेत, हा माझा मूळ मुद्दा, आणि त्या वेगळ्या ठेवता येतात याचा पुरावा म्यूरच्या विक्रमांत आहे.

जून १९४९ मध्ये जपानला फिनाने परत घेतलं. ऑगस्टमध्ये, मॅकआर्थर यांच्या परवानगीने, सहा जपानी जलतरणपटू अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी लॉस एंजेलिसला पोहोचले. स्पर्धेचा तलाव १९३२ च्या ऑलिम्पिकचा, म्हणजे जिथे चौदा वर्षांच्या कुसुओ कितामुराने जपानला १५०० मीटरचं सुवर्ण मिळवून दिलं होतं तोच. त्यांना घरी उतरवून घेतलं फ्रेड वाडा या जपानी वंशाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने. १९४२ मध्ये अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत टाकलं, तेव्हा छावणी टाळण्यासाठी हाच माणूस काही कुटुंबांना घेऊन युटाच्या डोंगराळ भागात शेती करायला गेला होता. रक्तावरून अपराध ठरवण्याचं तर्कशास्त्र कुठवर जातं हे वाडा यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. १६ ऑगस्टला १५०० मीटरच्या हीट, म्हणजे प्राथमिक शर्यती, झाल्या. आधी हाशिझुमेने १८ मिनिटं ३५.७ सेकंदांत अकरा वर्षांचा जुना विश्वविक्रम मोडला. त्यानंतरच्या हीटमध्ये फुरुहाशीने १८ मिनिटं १९ सेकंद वेळ दिली. तो जुना विक्रमही एका जपान्याचा, तोमिकात्सु अमानोचा, १८ मिनिटं ५८.८ सेकंदांचा होता. तो एका दुपारी जवळपास चाळीस सेकंदांनी मागे पडला. तलाव अमेरिकेचा, घड्याळं अमेरिकन पंचांच्या हातात. आखूड तलावाची गोष्ट तिथेच संपली. अमेरिकन वृत्तपत्रांनी फुरुहाशीला 'फुजियामाचा उडता मासा' म्हटलं. ती वेळ १९५६ पर्यंत कुणाला मोडता आली नाही.

यावर एक आक्षेप उरतो, आणि तो हुशार आक्षेप आहे. या विजयाने जपानी राष्ट्राभिमानालाच खतपाणी मिळालं ना? मिळालं. उपाशी, हरलेल्या देशाने फुरुहाशीला डोक्यावर घेतलं, त्याच्यात आपली उभारी पाहिली. बंदीच्या समर्थकांना नेमकं हेच टाळायचं असतं, की खेळाडूच्या खांद्यावर बसून राज्याने मिरवू नये. पण अभिमान अभिमानात फरक असतो. १९३६ चा अभिमान कोरियन माणसाच्या छातीवर झेंडा ठोकून मिळवलेला होता. १९४९ चा अभिमान कालच्या शत्रूच्या तलावात उतरून, त्याच्याच घड्याळावर मोजून, त्याच्याच प्रेक्षकांसमोर मिळवलेला होता. जो अभिमान दुसऱ्याच्या मापाने स्वतःला तपासून घ्यायला तयार होतो, त्याची भीती का वाटावी? उलट, कोंडून ठेवलेल्या देशात 'जग आपल्यावर जळतं' ही भावना किती सहज पिकते हे आपण आजही बातम्यांत पाहतो.

आणि खेळाडूचं वय. हे बंदीच्या चर्चेत जवळपास कुणीच मोजत नाही. मुत्सद्द्याला चार वर्षं थांबता येतं, लांब अंतर पोहणाऱ्याला नाही. १९५० मध्ये दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यात फुरुहाशीला अमीबाचा आमांश झाला, आणि तब्येत पूर्वीसारखी झाली नाही. १९५२ ला हेलसिंकीत ऑलिम्पिकचं दार अखेर उघडलं तेव्हा तो ४०० मीटरच्या अंतिम फेरीत आठवा, म्हणजे शेवटचा आला. रेडिओवरच्या जपानी समालोचकाने श्रोत्यांना विनवलं, की फुरुहाशीला दोष देऊ नका, त्याचे आभार माना. त्याच हेलसिंकीत १५०० मीटरचं सुवर्ण ज्या वेळेला मिळालं ती १८ मिनिटं ३०.३ सेकंदांची होती, फुरुहाशीच्या तीन वर्षांपूर्वीच्या वेळेहून अकरा सेकंदांनी संथ. त्या शर्यतीच्या विजयमंचावर उभे होते हवाईचा फोर्ड कोन्नो अमेरिकेसाठी, हाशिझुमे जपानसाठी, आणि तेत्सुओ ओकामोतो ब्राझीलसाठी. तिघेही जपानी वंशाचे, तीन झेंड्यांखाली. फुरुहाशी आणि त्याचे साथीदार १९५० मध्ये ब्राझीलला गेले होते तेव्हा ओकामोतो त्यांच्याबरोबर पोहला होता, आणि त्याचं कांस्य हे ब्राझीलचं जलतरणातलं पहिलं ऑलिम्पिक पदक ठरलं. जपानी पोहणाऱ्यांना आणखी चार वर्षं कोंडून ठेवलं असतं, तर तोटा फक्त जपानचा झाला असता का?

आपणही या गोष्टीत आहोत, आणि अभिमान वाटावा अशा जागी आहोत. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपानी सैन्याला रोखणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण होती. अनेक घरांतली माणसं परत आली नाहीत. अंदमानात जपान्यांनी तीन वर्षं काय केलं ते तिथले लोक विसरलेले नाहीत. तरीही बरोबर सात वर्षांनी, मार्च १९५१ मध्ये, दिल्लीत पहिले आशियाई खेळ भरले तेव्हा भारताने जपानला बोलावलं. जपानशी शांतता करारावर सह्याही अजून व्हायच्या होत्या. जपानी पथक आलं आणि सर्वाधिक पदकं घेऊन गेलं. हेलसिंकीच्या आधी एक वर्ष दिल्लीने ते दार उघडलं, आणि ते उघडताना सांगशाकची किंमत कमी लेखली असं कुणी म्हणणार नाही.

युक्रेनचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथलं युद्ध संपलेलं नाही आणि ते करणारी सत्ता जागेवर आहे. मिखाइलो रोमानचुक हा २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटरचं रौप्य जिंकणारा युक्रेनचा जलतरणपटू. २०२२ मध्ये त्याचे वडील आघाडीवर होते आणि तो जर्मनीत, स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याच्या, फ्लोरियन वेलब्रॉकच्या, तलावात सराव करत होता. त्याला रशियन झेंड्याशेजारी उभं राहा असं मी सांगणार नाही. झेंडा, गीत आणि संघ यांवरची बंदी मला पूर्ण मान्य आहे. रशियाचा जलतरणपटू येवगेनी रिलोव मॉस्कोच्या युद्धसमर्थक सभेत व्यासपीठावर गेला म्हणून त्याला फिनाने नऊ महिने निलंबित केलं, तेही मान्य, कारण ती शिक्षा त्याने स्वतः केलेल्या गोष्टीची होती. पण त्याच वर्षी विम्बल्डनने रशियाच्या आणि बेलारूसच्या सगळ्यांना केवळ पासपोर्टवरून रोखलं, आणि पुढच्या वर्षी परत घेतलं. वर्षभरात युद्ध थांबलं होतं का? मग पहिल्या वर्षीची बंदी कशासाठी होती? अट नसलेल्या बंदीचं असंच होतं. ती उठवतानाही कारण देता येत नाही, आणि मग युक्रेनच्या माणसाला वाटतं की जगाला कंटाळा आला.

पाकिस्तानच्या बाबतीत पहलगामनंतरचा संताप मला परका नाही. डोंबिवली-पुण्याची माणसं तिथे मारली गेली. १९९१ मध्ये वानखेडेची खेळपट्टी खणली गेली होती, त्या वाटेने मात्र आपण कुठेच पोहोचलो नाही. त्या मानाने ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने निदान लेखी धोरण मांडलं: द्विपक्षीय सामने नाहीत, बहुराष्ट्रीय स्पर्धांत खेळायचं. माझी तक्रार एवढीच, की त्यात परतीची अट नाही. काय घडलं तर द्विपक्षीय सामने पुन्हा सुरू होतील हे त्या देशाला, आपल्या खेळाडूंना आणि आपल्यालाही माहीत असायला हवं. अट कितीही कडक ठेवा. पण ती लिहा.

फुरुहाशी पुढे जपानच्या ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष झाले, ज्या फिनाने त्यांच्या वेळा नाकारल्या तिचे उपाध्यक्ष झाले, आणि २००९ मध्ये रोमच्या जागतिक जलतरण स्पर्धेदरम्यान तिथेच त्यांचं निधन झालं. संघटनेचं नाव आता 'वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स' आहे. तिच्या १५०० मीटरच्या विक्रमांच्या क्रमात १९३८ च्या अमानोनंतर एकदम १६ ऑगस्ट १९४९ येतो. मधली १८ मिनिटं ३७ सेकंद तिथे नाहीत. नियमाप्रमाणे सदस्य देशाचीच वेळ ग्राह्य, हे मला माहीत आहे, म्हणून विक्रम म्हणून ती घाला असं मी म्हणत नाही. तळटीप घालता येते: ऑगस्ट १९४८, टोकियो, फुरुहाशी, संघटनेने जपानला बाहेर ठेवल्यामुळे नोंद झाली नाही. मॅक्लेनचं सुवर्ण त्याने कमी होत नाही. रशियाच्या पोहणाऱ्यांच्या फायली याच संघटनेच्या टेबलावरून जातात, आणि पुढे आणखी कुठल्या देशाच्या जातील, तेव्हा ती ओळ तिथे छापलेली असावी.